मदत हवी आहे : पित्तनळीच्या तोंडाशी गाठ, दुर्बिणीतून कुठल्या पद्धतीने काढावी?

अनुश्री_न
आईच्या पित्तनळीच्या तोंडाशी गाठ आहे. बायोप्सीत अ‍ॅडिनोमा आलाय, म्हणजे आत्ता कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो अशी गाठ. एक डॉक्टर म्हणतात, नेहमीसारखी वायरचा फास टाकून काढू. दुसरे म्हणतात, आतडं पाण्याने भरून मग गाठ काढू. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. कुठलं चांगलं? 'डॉक्टरांना विचारा' कृपया नको, दोघांना विचारूनच इथे आलेय.

माळरान
गाठ केवढी? नळीत आत शिरलीय का? एंडोस्कोपिक सोनोग्राफी झाली का? हे कळल्याशिवाय काय सांगणार ताई?

पेठेतला
माझ्या काकांची थेट व्हिपल नावाची मोठी शस्त्रक्रिया केली. स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, आतड्याचा तुकडा, सगळं काढलं. ६ वर्षं झाली, ठणठणीत आहेत. एकदाच काय ते करून टाका.

रातराणी
काकांना कॅन्सर होता की अ‍ॅडिनोमा?

पेठेतला
कॅन्सर. पण बायोप्सीचं काय खरं? चिमटीएवढा तुकडा घेतात.

माळरान
हे मात्र बरोबर. वरून अ‍ॅडिनोमा आणि खाली कॅन्सर, असं निघतं. म्हणून तर गाठ एकसंध निघायला हवी. तुकडे झाले की कडा मोकळ्या आहेत, म्हणजे गाठ पूर्ण निघालीय, की नाही ते पॅथॉलॉजिस्टला नीट सांगता येत नाही.

कोकणकडा
काविळीवर भुईआवळ्याचा रस द्या. आमच्याकडे सगळ्यांना गुण आलाय.

रातराणी
दादा, त्यांनी काविळीचं विचारलेलंच नाही. आणि रसाने गाठ विरघळत नाही, नुसते दिवस जातात.

अनुश्री_न
१८ मिमी. सोनोग्राफीत नळी मोकळी आहे. कावीळ नाही, अ‍ॅसिडिटीसाठी दुर्बीण केली तेव्हा सापडली. वय ६३. आता सांगा.

रातराणी
मी एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे. पाण्याच्या पद्धतीतही वायरला करंट असतोच. फरक एवढाच की पाण्यात गाठ तरंगून वर येते, फासात धरायला सोपी जाते. १८ मिमी आणि नळी मोकळी, म्हणजे दोन्ही तऱ्हांनी एकसंध निघू शकते. ज्या डॉक्टरांचा ज्यात हात बसलाय ते निवडा. कापल्याबरोबर गाठ आतड्यात खाली घसरते, म्हणून आम्ही जाळी तयार ठेवूनच उभ्या असतो. बाहेर आली की थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून लावतो, मग फॉर्मॅलिनमध्ये.
विचारायचं ते हे : स्वादुपिंडाच्या नळीत स्टेंट घालणार ना? स्वादुपिंडाला सूज येणं हा मोठा धोका, तो त्याने कमी होतो.

सातारकर७
कॅशलेसची मंजुरी आधीच घ्या. आमची क्लेम तीन महिने अडकली होती.

माळरान
थंड वायरचं कोणीच बोललं नाही. करंट नाही म्हणजे भाजणं नाही.

रातराणी
पण तिने बहुधा तुकड्यातुकड्यांनी निघते. वर तुम्हीच एकसंध हवी म्हणालात.
ताई, आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

अनुश्री_न
हो, क्लोपिडोग्रेल. २०२२ला अँजिओप्लास्टी झालीय. पण पोटाच्या डॉक्टरांनी विचारलंच नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

रातराणी
आत्ता फोन करा, दोघांनाही. ही गाठ काढल्यावर काही दिवसांनीसुद्धा रक्तस्राव होऊ शकतो. गोळी मनाने बंद करू नका, हृदयातला स्टेंट बंद पडू शकतो. किती दिवस थांबवायची ते हृदयाचे डॉक्टर सांगतील. घरी आल्यावर शौचाला डांबरासारखी काळी झाली, चक्कर आली, तर लगेच दवाखाना.

अनुश्री_न
फोन केला. शुक्रवार रद्द झाला. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ सोमवारी मिळालीय. स्वादुपिंडात स्टेंट घालणार आहेत, तेही विचारलं. आता कोलोनोस्कोपीसुद्धा सांगतायत, ती कशाला?

माळरान
अशी गाठ असणाऱ्यांना मोठ्या आतड्यातही पॉलिप सापडतात. ती टाळू नका.