'स्पर्ट'ला मराठीत काय म्हणायचं? नळाला, डेंग्यूला आणि मुलांच्या उंचीला एकच शब्द कसा?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)
सोसायटीच्या नोटिशीचं मराठी करायचंय. शटडाऊननंतर पाणी थोडा वेळ 'इन स्पर्ट्स' येईल, असं इंग्रजीत आहे. शब्दकोशात 'चिळकांडी' मिळते, पण 'पाणी चिळकांड्यांनी येईल' कानाला खटकतं. पेपरात 'स्पर्ट इन डेंग्यू केसेस' असतं, तिथे चिळकांडी बसतच नाही. आणि स्पेलिंगमध्ये यू की आय?

उत्तर (वाशी)
मूळ चित्र चिळकांडीचंच. तोंड अरुंद, आत दाब, धार जोरात सुटते आणि लगेच ओसरते. धमनी कापली की लालभडक रक्त हृदयाच्या ठोक्यागणिक उडतं, ते स्पर्ट. शिरेतलं गडद रक्त एकसारखं वाहतं, त्याला हा शब्द लावू नका.

जोर आणि अल्पकाळ, दोन्ही हवेत. डेंग्यूचे रुग्ण पंधरवड्यात एकदम वाढले तर स्पर्ट, वर्षभर हळूहळू वाढत गेले तर नुसतं राइज. मराठीत 'रुग्णांमध्ये अचानक वाढ' पुरे. 'उसळी' सोन्याच्या भावाला शोभते. स्पेलिंग यूचंच ठेवा. आयचं रूप चूक नाही, पण आता क्वचित दिसतं.

उत्तर (ऐरोली)
उंचीचं तसंच. एरवी वर्षाला ५-६ सेंमी वाढणारं मूल वयात येताना ८ ते १० सेंमी वाढतं, मुली मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी. हा 'ग्रोथ स्पर्ट'. 'वाढीचा स्फोट' कृपया लिहू नका, 'उंचीचा झपाटा' म्हणा.

'स्पेट'शीही गल्लत होते. पावसाळ्यात उल्हास नदी दुथडी भरून वाहते, ती 'इन स्पेट'. त्यावरूनच लागोपाठच्या घरफोड्यांना 'स्पेट ऑफ बर्गलरीज' म्हणतात. तिथे स्पर्ट नको.

उत्तर (नौपाडा)
नोटिशीपुरतं सांगतो. लाइन रिकामी झाली की पाइपात हवा भरते. पाणी सोडल्यावर ती मध्येमध्ये अडकते, म्हणून नळ आधी फुसफुसतो, मग भसकन पाणी, पुन्हा नुसती हवा. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: पाणी आचके देत येतं. 'थांबून थांबून' लिहिलंत तर जोर हरवतो. ते 'फिट्स अँड स्टार्ट्स' झालं. खाली एवढं जोडा: तोटी हळूहळू उघडा, पहिलं गढूळ पाणी संडासाला वापरा, धार एकसारखी होईपर्यंत गीझर बंद ठेवा.

प्रश्नकर्ता
'आचके देत' घेतलं. 'इन अ स्पर्ट' असतं तर?

उत्तर (वाशी)
तर 'एका झटक्यात'. एकवचनात जोर एकदाच येतो आणि संपतो, अनेकवचनात पुन्हा पुन्हा. तुमच्या नोटिशीत अनेकवचन आहे, म्हणून 'आचके'च बरोबर.