अर्धवट जहाजाचे करायचे काय? विस्मारच्या ‘ग्लोबल ड्रीम’च्या निमित्ताने

चर्चाप्रस्ताव : बंदरकाठ

जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरील विस्मार शहरात, एका प्रचंड झाकलेल्या गोदीत, ‘ग्लोबल ड्रीम’ नावाचे प्रवासी जहाज दीर्घकाळ अर्धवट अवस्थेत उभे होते. त्याची लांबी ३४२ मीटर, ढोबळ टनभार (म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतील एकूण जागेचे माप) सुमारे २ लाख ८ हजार आणि गर्दीच्या हंगामात नऊ हजारांहून अधिक प्रवासी सामावण्याची क्षमता. गेंटिंग हाँगकाँग या क्रूझ कंपनीने २०१६ मध्ये विस्मार, वार्नेम्युंड आणि श्ट्रालझुंड येथील तीन कारखाने विकत घेतले आणि ‘एमव्ही वेर्फ्टेन’ ही कंपनी उभी केली. आशियातील, विशेषतः चीनमधील पर्यटकांसाठी लागणारी अशी जहाजे स्वतःच बांधावीत, हा त्यामागचा विचार होता. २०१८ मध्ये पोलाद कापायला सुरुवात झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये वार्नेम्युंडला बांधलेला मधला भाग समुद्रमार्गे ओढून विस्मारला आणला गेला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच कोविडमुळे जगभरची प्रवासी जहाजे बंदरांत अडकून पडली. १० जानेवारी २०२२ रोजी कारखान्याने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच महिन्यात गेंटिंग हाँगकाँगही कोसळली. जहाजाचे सुमारे तीन चतुर्थांश काम तेव्हा झालेले होते.

माझे मत स्पष्ट मांडतो. ते जहाज २०२२ मध्येच तोडायला हवे होते. त्याचे दुसरे भावंड, ज्याच्या सांगाड्याचे काम नुकतेच सुरू झाले होते, ते भंगारात गेलेच. पहिल्याला मात्र केवळ ‘एवढा पैसा घातला आहे’ या भावनेपोटी जपून ठेवले गेले. घातलेला पैसा परत येणार नव्हता. पुढे घालायचा पैसा, गोदीतील जागा आणि माणसांची वर्षे ह्यांचाच हिशेब करायला हवा होता. ती गोदी जून २०२२ मध्ये थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्सने पाणबुड्या आणि नौदलाची जहाजे बांधण्यासाठी घेतली, आणि जहाज २०२३ अखेर बाहेर पडणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ते एप्रिल २०२५ मध्ये गोदीबाहेर आले.

याहून मोठी गोष्ट अशी की विस्मारचा कारखाना बुडण्याची ही पहिली वेळ नव्हे. जर्मनीच्या एकीकरणानंतर हा कारखाना पश्चिम जर्मनीतील ब्रेमर फुल्कान या जहाजबांधणी कंपनीकडे गेला. पूर्वेकडील कारखान्यांसाठी मिळालेले सरकारी साहाय्य पश्चिमेकडे वळवल्याचे उघड झाले, आणि १९९६ मध्ये ती कंपनी बुडाली. पुढे तो नॉर्वेच्या आकर समूहाकडे आणि मग रशियन भांडवलाच्या वाडान यार्ड्सकडे गेला. वाडानची २००९ मध्ये दिवाळखोरी झाल्यावर नॉर्डिक यार्ड्स आली आणि त्यानंतर गेंटिंग. दर वेळी नवा मालक, नवे स्वप्न आणि त्याच कामगारांची तीच घालमेल. अशा गावाला आणखी एका महाकाय जहाजाच्या भरवशावर ठेवणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद : दीपस्तंभ

आपला इतिहास बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये डिस्नेने हे जहाज घेतल्याचे जाहीर केले. बातम्यांनुसार किंमत सुमारे ४ कोटी युरो होती, तर मूळ बांधणीखर्चाचा अंदाज दीड अब्जांच्या घरातला होता. या दोन आकड्यांमधील दरी पाहून अनेकांना हळहळ वाटते. मला त्यात उलट शहाणपण दिसते, कारण बुडालेली रक्कम जुन्या मालकाच्या आणि त्याच्या धनकोंच्या खाती गेली आणि नव्या मालकाने जहाजाची किंमत नव्याने ठरवून ते हाती घेतले. आपण ज्याला ‘घातलेल्या पैशाचा मोह’ म्हणता, तो मोह नेमका या व्यवहारात नव्हता. जुना मालकच आग्रहाने बांधत राहिला असता, तर आपला आक्षेप लागू पडला असता.

शिवाय असे पूर्वी घडले आहे आणि यशस्वी झाले आहे. अमेरिकेतील पास्कागुला येथे बांधले जात असलेले एक प्रवासी जहाज, त्याची मालक अमेरिकन क्लासिक व्हॉयेजेस ही कंपनी ऑक्टोबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेल्याने अडकले. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने तो सांगाडा घेऊन अटलांटिकपार जर्मनीतील ब्रेमरहाफेनला ओढत नेला. तिथे जानेवारी २००४ च्या वादळात तो धक्क्यालाच अंशतः बुडाला, तरी काम सोडले गेले नाही, आणि २००५ पासून ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हवाई बेटांभोवती फिरते आहे. लिबियाच्या सरकारी जहाज कंपनीने फ्रान्सच्या सँ-नाझेरला मागवलेले जहाज २०११ च्या युद्धात रद्द झाले. ते एमएससी या क्रूझ कंपनीने घेतले आणि २०१३ मध्ये ‘एमएससी प्रेझिओसा’ म्हणून सेवेत आणले.

आणि हा उद्योग मरणासन्न होता हे चित्र २०२० चे आहे. २०१९ मध्ये जगभरात सुमारे २.९७ कोटी लोकांनी क्रूझ केली. २०२३ मध्ये ती संख्या ३.१७ कोटींवर गेली. २०२२ मध्ये जहाज तोडले असते, तर वर्षभरातच पश्चात्तापाची पाळी आली असती.

प्रतिसाद : यंत्रकक्ष

मी जहाजांच्या यंत्रविभागात काम केले आहे, म्हणून दोघांच्याही म्हणण्यात थोडी भर घालावीशी वाटते.

‘तीन चतुर्थांश पूर्ण’ हे शब्द फसवे आहेत. प्रवासी जहाजात पोलादाचे काम सर्वांच्या डोळ्यांत भरते, पण वेळ आणि पैसा खातात ते पुढचे टप्पे: हजारो किलोमीटर केबल, वातानुकूलन, पाणी व मलनिस्सारणाच्या नळ्या, आगीपासून संरक्षण, आणि शेवटी ह्या सगळ्याची एकत्र चाचणी. काम थांबले की जहाज जसेच्या तसे राहत नाही. बंद खोल्यांत ओलावा धरतो, म्हणून हवा कोरडी ठेवावी लागते. इंजिने आणि शाफ्ट ठरावीक काळाने फिरवावे लागतात. यंत्रसामग्रीच्या हमीची मुदत जहाज समुद्रात जाण्याआधीच संपत येते. सर्वांत मोठे नुकसान माणसांचे होते. कोणती नळी कुठून का वळवली, हे ज्याच्या डोक्यात असते तो फोरमन दुसऱ्या गावी नोकरीला निघून गेला की नकाशे असूनही अर्धे काम आंधळ्यासारखे चाचपडत करावे लागते.

म्हणून डिस्नेने घेतलेले जहाज हे ‘उरलेले एक चतुर्थांश काम’ नव्हते. पापेनबुर्गच्या मायर कारखान्याने विस्मारमध्येच ते हाती घेतले आणि आतील रचना मोठ्या प्रमाणात बदलली. प्रवासीसंख्या सुमारे ६,७०० वर आली. जुन्या सांगाड्यात नवे जहाज बसवले गेले, असेच मी म्हणेन. सिंगापूरहून डिसेंबर २०२५ मध्ये निघायची पहिली फेरी १० मार्च २०२६ पर्यंत पुढे ढकलावी लागली, यात मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

मात्र ‘तोडून टाकायला हवे होते’ हेही आपण समजता तितके सोपे नाही. चालते जहाज स्वतःच्या इंजिनावर भंगारगोदीपर्यंत जाते. आपल्याकडचे उदाहरण घ्या. मुंबई–गोवा फेऱ्या करणारी ‘कर्णिका’ एप्रिल २०१९ मध्ये थाटात आली, टाळेबंदीत तिची कंपनी बुडाली, आणि २०२० संपण्यापूर्वी ती अलंगच्या किनाऱ्यावर होती. रेन्झो पियानो या वास्तुरचनाकाराच्या हातचा डौल असलेले, ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून १९९० मध्ये सेवेत आलेले ते देखणे जहाज तसे संपावे याचे मला आजही वाईट वाटते. पण ती तिथपर्यंत पोहोचू तरी शकली. अर्धवट जहाजाला ती वाट नसते. ते एक तर गोदीतच कापायचे, म्हणजे गोदी अडतेच, किंवा टगबोटींनी दूरवर ओढायचे. ओढताना वादळात सापडले तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

प्रतिसाद : रापणकर

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे आणि खाली गोव्यात ‘बोटीवर जाणे’ म्हणजे काय, हे घरोघरी ठाऊक आहे. या सर्व चर्चेत गोदीतले कामगार आले, मालक आले, सरकार आले; जहाज पूर्ण झाल्यावर त्यावर नोकरी करणारे अडीच हजार लोक मात्र कुणाच्या हिशेबात आले नाहीत.

माझ्या भाच्याची एका नव्या जहाजावर स्वयंपाकघरात निवड झाली होती. ते जहाज कोणते, कंपनी कोणती हे लिहीत नाही. त्याने वैद्यकीय तपासणी, सुरक्षा प्रशिक्षणाचे कोर्स आणि व्हिसासाठी कर्ज काढून खर्च केला. जहाज तयार होण्याची तारीख तीनदा पुढे गेली आणि चौथ्यांदा एजंटाने फोन उचलणेच बंद केले. त्या दीड वर्षात त्याने हॉटेलातली हातातली नोकरी सोडलेली होती. दिवाळखोरीच्या न्यायालयात कारखान्याचे कामगार धनको म्हणून उभे राहू शकतात. जहाजावर कधी पाऊलच न ठेवलेला आमचा मुलगा कुठे उभा राहणार?

म्हणून ‘बंदरकाठ’ यांना मी विनंतीपूर्वक विरोध करतो. जहाज पूर्ण झाले, हे चांगलेच झाले. तोडलेल्या पोलादाची किंमत मिळते, पण त्यातून कुणाला कॉन्ट्रॅक्ट मिळत नाही.

प्रतिसाद : बंदरकाठ

रापणकर, आपल्या भाच्याची हकीकत वाचून मी माझा प्रस्ताव पुन्हा वाचला. आपण म्हणता ते लोक माझ्या हिशेबात नव्हते, हे मी मान्य करतो. तरीही त्या मुलाचे नुकसान जहाज तोडल्याने झाले नाही. जहाज वेळेवर होणार की नाही हे कळण्याची सोय नसताना भरती सुरू झाली, म्हणून झाले. माझा मूळ रोख तिथेच आहे, आणि तो मी नीट मांडला नव्हता.

युरोपातील प्रवासी जहाजांच्या करारात साधारणतः किमतीचा पाचवा भाग बांधणीच्या काळात दिला जातो आणि उरलेला चार पंचमांश जहाज ताब्यात देताना. म्हणजे दोन-तीन वर्षे पोलाद, यंत्रे आणि मजुरी यांचा भार कारखान्याने कर्ज काढून वाहायचा. विस्मारमध्ये तर गिऱ्हाईक आणि कारखाना एकाच मालकाचे होते, म्हणून एक बुडताच दुसरा सोबत गेला. सरकारने मदतीची तयारी दाखवली, पण मालकाने स्वतःचा वाटा उचलावा अशी अट घातली, आणि तिथे बोलणी फिसकटली. ज्याने ‘ग्लोबल ड्रीम’ पूर्ण केली तो मायर कारखानाही याच ओझ्याखाली २०२४ मध्ये कोलमडण्याच्या बेतात होता. त्या सप्टेंबरात जर्मन केंद्र सरकार आणि निडरझाक्सन राज्य यांनी ४० कोटी युरो घालून त्याचा सुमारे ८० टक्के हिस्सा घेतला. दीपस्तंभ यांनी ‘बुडालेली रक्कम जुन्या मालकाची’ असे लिहिले, पण पुढच्या टप्प्यात करदात्याला पुढे यावेच लागले, हे त्यांनी वगळले.

प्रतिसाद : दीपस्तंभ

वगळले नाही, वेगळे धरले. मायरची अडचण कोविडपूर्वी कमी किमतीत घेतलेल्या ऑर्डरी आणि नंतर भडकलेले पोलाद व ऊर्जेचे दर यांतून आली. तिचा दोष विस्मारच्या जहाजावर टाकणे अन्यायाचे होईल. उलट डिस्नेने ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी चार जहाजे मायरकडून बांधून घेण्याचे जाहीर केले, तो विश्वास विस्मारमधल्या कामातूनही आला असणार.

हप्त्यांच्या पद्धतीबाबत मात्र मी आपल्याशी सहमत आहे; ती बदलायला हवी.

प्रतिसाद : यंत्रकक्ष

हप्ते बदला म्हणणे योग्य आहे, पण मागणारा कारखाना एकटा असला तर गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्याकडे निघून जाते. आजवर युरोपीय कारखान्यांना एक आधार होता. मोठी प्रवासी जहाजे बांधणारे इटलीचा फिनकांतिएरी, फ्रान्सचा शांतिये द लातलांतिक आणि मायर असे मोजकेच कारखाने होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये शांघायच्या वायगाओचियाव कारखान्याने ‘अडोरा मॅजिक सिटी’ हे चीनमध्ये बांधलेले पहिले मोठे क्रूझ जहाज ताब्यात दिले, तेव्हापासून तो आधार ढिला झाला आहे. तिघांनी मिळून बांधणीच्या काळातच निम्मी रक्कम मागायची असेल, तर ते आज, जेव्हा ऑर्डरींच्या रांगा लांब आहेत, तेव्हाच शक्य आहे. पुढच्या मंदीत ते जमणार नाही, आणि तेव्हा पुन्हा कुठल्यातरी गोदीत असेच एक जहाज उभे असेल, ज्याच्या केबिनींत ओलावा शिरू नये म्हणून दोन माणसे रात्रपाळीला हवा कोरडी करणारी यंत्रे चालू ठेवत असतील.