जी-ती जमतं, हू-विच अडतं

परळची_वर्षा: दादरला संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला जाते. सध्या ॲडजेक्टिव्ह क्लॉज, म्हणजे नामाचं वर्णन करणारं उपवाक्य, चालू आहे. ‘जी बाई मासे विकते, ती माझी मावशी’ हे इंग्रजीत सांगताना पहिल्याच शब्दाला अडते. नवे शब्द पाठ आहेत, पण बोलताना ऐनवेळी आठवत नाहीत.

गिरगावकर: वर्षाताई, मराठीत ‘जी’ आधी येते. इंग्रजीत आधी बाई, मग तिचं वर्णन: ‘द वुमन हू सेल्स फिश इज माय आंट.’ माणसाला हू, वस्तूला विच किंवा दॅट.

निवृत्त_शिक्षिका: स्वल्पविराम जपा हं! ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन ठाणे’ म्हणजे भाऊ अनेक, त्यातला ठाण्याचा. ‘ब्रदर’नंतर स्वल्पविराम दिला की भाऊ एकच. तिथे दॅट चालत नाही. मला हा भाग शिकवायला फार आवडायचा.

डोंबिवली_लोकल: शब्द वाक्यात घालून लोकलमध्ये पुटपुटा. ‘द ट्रेन दॅट आय टेक इज ऑल्वेज क्राउडेड.’ इथे दॅट गाळलं तरी चालतं, कारण पुढे ‘आय’ हा कर्ता आहे.

परळची_वर्षा: मग ‘द फिश आय बॉट वॉज फ्रेश’ बरोबर?

निवृत्त_शिक्षिका: अगदी बरोबर, बाळा.