मदत हवी आहे : पाळीतील अतिरक्तस्राव, कमी झालेले लोह आणि न हटणारा थकवा (खानापूर, जि. बेळगाव)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझे वय ४३ असून दोन मुले आहेत. गेल्या दीड वर्षापासून पाळीत अंगावरून फार जाते आणि त्यामुळे रक्त इतके कमी झाले आहे की रोजची कामेही निभावेनाशी झाली आहेत. म्हणून हा धागा काढला आहे.

पूर्वी पाळी पाच दिवसांत आटोपत असे. आता ती नऊ-दहा दिवस चालते. पहिले तीन दिवस तास-दीड तासाला पॅड बदलावा लागतो, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात आणि रात्री खाली जुन्या साडीची घडी घातल्याशिवाय झोपता येत नाही. शाळेतले स्वच्छतागृह इमारतीच्या मागच्या बाजूला आहे, आणि वर्ग सोडून दर तासाला तिकडे जाणे शक्य नसल्यामुळे त्या दिवसांत मी दोन पॅड एकावर एक लावून, गडद रंगाची साडी नेसून जाते.

थकव्याचे काय सांगावे? बस थांब्यापासून शाळेपर्यंतच्या छोट्याशा चढावर मला दोनदा थांबावे लागते. फळ्यावर लिहिताना हात वर धरवत नाही, आणि मुलांबरोबर कविता म्हणताना तिसऱ्या कडव्यापर्यंत धाप लागते. एक गोष्ट मी घरातही कुणाला सांगितली नव्हती : मला खडू खावासा वाटत असे. पेटी उघडली की तो वास नाकात भरे आणि दोन-तीन वेळा मी तुकडा तोंडात टाकलाही. आपल्या डोक्यात काही बिघडले आहे, अशी भीती मला वाटली होती. लोह कमी झाल्यावर खडू, माती, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटणे हे एक लक्षणच आहे, हे डॉक्टरांकडून कळले तेव्हा मला तिथेच रडू आले.

हिमोग्लोबिन ८.२ निघाले (बायकांना किमान १२ असावे लागते) आणि साठवलेले लोह दाखवणारे फेरिटिन अवघे ६. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ९.९ पर्यंत चढले, पण बद्धकोष्ठ आणि मळमळ सहन न झाल्याने मी गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या दोन पाळ्यांत ते पुन्हा ८.६ वर आले. नाचणीची भाकरी, मसुराची आमटी, हुलग्याचे माडगे, अळिवाचे लाडू हे सर्व सासूबाई प्रेमाने करून घालतात. तरीही गळक्या घागरीत पाणी भरल्यासारखे झाले आहे.

सोनोग्राफीत गर्भाशयात साडेतीन सेंटिमीटरची गाठ दिसली. अहवाल पाहून तालुक्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांनी दोन-तीन मिनिटांत “पिशवी काढून टाका, प्रश्नच मिटेल” असे सांगितले. घरातही तोच सूर आहे, कारण माझ्या जाऊबाईंची पिशवी ३६ व्या वर्षीच काढलेली आहे. मला शस्त्रक्रियेची भीती नाही. परंतु त्याआधी दुसरा काही उपाय करून पाहायचा असतो की नाही, हे मला कुणीच सांगितलेले नाही. गोळ्या सोसतील अशा कशा घ्याव्यात आणि रक्तस्राव मुळातून कमी करण्यासाठी डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे कृपया अनुभवी भगिनींनी सांगावे.

प्रतिसाद १

ताई, मी चिकोडी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. तुमचे घागरीचे उदाहरण अगदी योग्य आहे : लोह भरणे आणि गळती थांबवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात, आणि बहुतेक ठिकाणी पहिलेच काम केले जाते.

गोळी एक दिवसाआड घेतली तरी चालते का, हे डॉक्टरांना विचारा. तशी घेतल्याने पोटाचा त्रास पुष्कळ जणींना कमी होतो आणि लोहही चांगले शोषले जाते. लिंबूपाण्याबरोबर घ्या, मात्र आगेमागे तासभर तरी चहा-कॉफी नको, आणि कॅल्शियमची किंवा आम्लपित्ताची गोळी त्याच वेळी नको. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका. गोळी लागू पडली तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण १ ते २ ग्रॅमने वाढते. आकडा १२ झाला तरी साठा भरण्यासाठी पुढे आणखी तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. गोळ्या मुळीच सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येते.

गळतीसाठी प्रथम ही गाठ नेमकी कुठे आहे ते विचारा. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी छोटी गाठही फार रक्तस्राव करते, तर बाहेरच्या बाजूची मोठी गाठ कधी काहीच त्रास देत नाही. थायरॉईड तपासून घ्या. रक्तस्रावाच्या दिवसांपुरती घ्यायची ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी असते. मात्र पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्यांना ती देत नाहीत. गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइलही असते. ती तांबीसारखी नसते : तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, हिने पुष्कळ कमी होतो. पाळीच्या मधल्या दिवसांतही रक्त जात असेल तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासणे आवश्यक आहे, ते टाळू नका.

लागोपाठ काही तास दर तासाला पॅड भिजत असेल, शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर पाळी संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

प्रतिसाद २

मी निपाणीची. माझे हिमोग्लोबिन ७.४ होते. शिरेतून लोह घेतले आणि नंतर कॉइल बसवली. पहिले चार महिने मधूनमधून डाग पडत, तेव्हा फसल्यासारखे वाटले होते. पण नंतर पाळी दोन दिवसांवर आली. पिशवी काढणे ही चूकच असते असे मी म्हणणार नाही, माझ्या बहिणीला त्याचाच उपयोग झाला. मात्र अंडाशय ठेवणार की काढणार, हे आधी स्पष्ट विचारा, कारण या वयात तेही काढले तर रजोनिवृत्ती एकदम येते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात.

धागाकर्तीचे उत्तर

दोघींचे मनापासून आभार. मी शाळेतून घरी आल्यावर चहाबरोबरच गोळी घेत होते, हे वाचताना लक्षात आले आणि वाईट वाटले. आजपासून ती वेळ बदलते. येत्या शनिवारी दुपारनंतर बेळगावला दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जात आहे. गाठीची जागा, थायरॉईड, ट्रॅनेक्झॅमिक आणि कॉइल असे चार प्रश्न कागदावर लिहून घेतले आहेत आणि यजमानांनाही आत सोबत नेणार आहे, म्हणजे घरी परतल्यावर मला एकटीला सर्वांना समजावत बसावे लागणार नाही. निपाणीच्या ताईंना एकच विचारायचे आहे : कॉइल बसवल्यावर दुसऱ्या दिवशी उभे राहून काम करता आले का, की रजा काढावी लागली?