टास्मानियातला राक्षसी क्रेफिश, एवढा कडक नियम का?

लॉन्सेस्टनकर: मंडळी, आम्ही मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर शिफ्ट झालो. रविवारी उत्तरेकडच्या एका ओढ्यावर गेलेलो, तिथे बोर्ड, क्रेफिश पकडाल तर 10,000 डॉलरपर्यंत दंड! पोरगं म्हणे बाबा शेवंड, मी म्हटलं अरे शेवंड समुद्रात असते. हा नक्की काय प्रकार?

ओढ्याकाठी: क्रेफिश म्हणजे शेवंडीचा गोड्या पाण्यातला नातेवाईक, आणि हा राक्षसी क्रेफिश जगातला सगळ्यात मोठा गोड्या पाण्यातला अपृष्ठवंशी (पाठीचा कणा नसलेला) प्राणी. पूर्वी 6 किलोपर्यंतचे सापडायचे म्हणतात, आता 2-3 किलोचा दिसला तरी नशीब. मूळचा फक्त उत्तर टास्मानियातल्या बास सामुद्रधुनीला मिळणाऱ्या नद्यांत आणि पश्चिमेकडच्या आर्थर नदीत, आणि गंमत म्हणजे तुमच्या लॉन्सेस्टनच्या टेमर नदीच्या खोऱ्यात नाहीच. मादी वयात यायलाच साधारण 14 वर्षं, त्यानंतरही दोन वर्षांतून एकदा अंडी, मग मोठे मोठे धरून खाल्ले तर उरणार काय? म्हणून 1998 पासून पूर्ण बंदी. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहे.

खेकडेवाला: फक्त चोरून पकडणाऱ्यांवर खापर नको हं. ह्याला लागतं थंड, स्वच्छ, सावलीतलं पाणी, 18 अंशांच्या आतलं. काठची झाडं तोडली की पाणी तापतं, माती वाहून येते आणि दगडांमधल्या ज्या फटीत पिल्लं लपतात त्या बुजतात. खातो पण काय, पाण्यात पडलेली कुजकी लाकडं! म्हणजे झाड गेलं की घरही गेलं आणि जेवणही.

लॉन्सेस्टनकर: बाप रे, 14 वर्षं! पोरगं आत्ता 9 चं आहे. त्याला सांगितलं तर म्हणतो मग ते लहान पोर आहे, सोडा त्याला 😄