मदत हवी आहे: ग्रिलवरचे भरलेले बटाटे वरून करपतात, आतून कच्चे राहतात

नमस्कार मंडळी,

आम्ही सानपाड्याला राहतो. डिसेंबरअखेर सोसायटीच्या गच्चीवर सगळ्यांचं मिळून जेवण असतं. कोळशाची लांबट पत्र्याची शेगडी, वर जाळी, झाकण नाही. चिकन आणि कोळंबी भाजणारे हात आमच्याकडे भरपूर आहेत. शाकाहारी मंडळींना मात्र दरवेळी सळईवरचं पनीर आणि ढोबळी मिरचीचे तुकडे, तेही चिकन उतरल्यावर. निम्मी सोसायटी शाकाहारी आहे आणि त्यात बरेच आजी-आजोबा आहेत. त्यांच्याही ताटात पोटभरीचं, निगुतीने केलेलं काहीतरी पडावं असं मला फार वाटतं. म्हणून यंदा भरलेले बटाटे करायचं ठरवलं आहे. चाळीसेक लागतील.

सारण घरचंच: बारीक चिरलेला कांदा परतून, त्यात दाण्याचं कूट, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, गोडा मसाला, किंचित गूळ, लिंबू आणि भरपूर कोथिंबीर. चव सगळ्यांना आवडते, ती बदलायची नाही.

अडचण भाजण्यात आहे. कच्चा बटाटा पोखरून, भरून, फॉइलमध्ये गुंडाळून जाळीवर ठेवला की साल काळी ठिक्कर पडते, आणि सुरी घातली तर मधला थर करकर वाजतो. तोंडाशी आलेलं खोबरं जळून कडू लागतं ते वेगळंच. उकडून घेतला तर पोखरतानाच तडा जातो आणि चिमट्याने उलटला की दोन तुकडे. हॉटेलातल्या तंदुरी आलूसारखा आधी तळून घेतला तर जमेल हे माहीत आहे, पण वयस्कर माणसांसाठी करायचं तर तळण नको आहे.

बटाटा कोणता घ्यावा? कच्चा भरावा की उकडून? फॉइल हवी की नको? करून पाहिलेल्यांनी सविस्तर सांगा, प्लीज.

तुर्भेकर:

ताई, सुरुवात बटाट्यापासून करा. एपीएमसीचं कांदा-बटाटा मार्केट तुमच्या दाराशी आहे, तेव्हा जरा विचारून घ्या. डिसेंबरात बाजारात दोन्ही माल असतात, शीतगृहातला जुना आणि नुकताच निघालेला नवा. शीतगृहात थंडीमुळे बटाट्यातल्या स्टार्चची थोडी थोडी साखर होत जाते. असा बटाटा चवीला गोडसर लागतो आणि आचेवर भराभर काळा पडतो. तुमची साल इतक्या लवकर करपते त्याला आचेइतकंच हेही कारण असू शकेल. घरच्या फ्रिजमध्ये कच्चा बटाटा ठेवला तरी तेच होतं, म्हणून तो कधीच फ्रिजमध्ये ठेवू नये.

विक्रेत्याकडे ‘लो शुगर’ किंवा ‘चिप्सोना’ मागा, वेफरवाले नेतात तो. साखर कमी, पाणीही कमी. जुनाच मिळाला तर दोन आठवडे आधी आणून टोपलीत, अंधारात, कांद्यापासून लांब ठेवा. साधारण तापमानाला राहिला की वाढलेली साखर बरीच उतरते. उजेडात ठेवलात तर हिरवा पडेल आणि टाकावा लागेल. अगदी कोवळा नवा बटाटा घेऊ नका, त्याची साल बोट लावलं की सुटते आणि इथे साल हीच तुमची वाटी आहे.

आकार एकसारखा, १२० ते १५० ग्रॅम. एक लहान आणि एक मोठा एकाच जाळीवर कधीही बरोबर शिजत नाहीत.

घोडबंदर रोड:

वरचा सल्ला बरोबर, पण चिप्सोना पिठूळ असतो, पूर्ण उकडला की फुटतोच. त्याला धीराने घ्यावं लागतं. मी ठाण्यात आमच्या भिशीच्या बायकांसाठी नेहमी करते ती पद्धत सांगते.

आदल्या दिवशी बटाटे सालासकट गार पाण्यात घाला, पाण्यात सढळ मीठ, आणि मग गॅस लावा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर आधी शिजून फुटतो आणि गाभा मागे राहतो. कुकर अजिबात नको. पाणी उकळलं की आच इतकी कमी करा की बटाटे पातेल्यात नाचायला नकोत. या आकाराला पुढे पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. विणायची बारीक सुई किंवा सळई खुपसून पाहा: सहज आत जावी, पण अगदी मधे किंचित अडावी. तिथेच थांबा. पाणी ओता, फडक्यावर कोरडे होऊ द्या, गार झाले की झाकून फ्रिजमध्ये. शिजलेला बटाटा फ्रिजमध्ये चालतो, कच्चा नाही.

रात्रभर गार झाल्यावर आतला शिजलेला स्टार्च घट्ट बसतो. सकाळी तोच बटाटा हातात घ्या, फरक लगेच कळेल. वरून टोपीसारखी एक चकती कापा आणि ती टाकू नका. मग चमच्याने पोखरा, कडेला बोटाच्या जाडीची भिंत ठेवून. कोरलेला गर कुस्करून सारणातच मिसळा, त्याने सारण बांधून येतं आणि कूट सुटून पडत नाही. सारण दाबून भरा, पण काठाच्या जरा खाली ठेवा. वर चकतीची टोपी बसवून भिजवलेली टूथपिक आरपार टोचा. तुमचं खोबरं आता निखाऱ्यासमोर येतच नाही, मग कडू कसं होईल? बाहेरून तेलाचा हात आणि जाड मीठ.

लहान मुलांच्या वाट्याला थोडं चीज घालायचं असेल तर साधं प्रोसेस्ड क्यूबवालं किसून घाला. ते पिझ्झाच्या चीजसारखं वितळून वाहत नाही.

खाडीपलीकडचा:

मी उरणचा. आमच्याकडे थंडीत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, आणि त्यातच बटाटे. बटाट्याला चीर देऊन आई आत लसूण-मिरचीचं वाटण भरते. मडकं शेतात उपडं ठेवतात आणि भोवतीने जाळ करतात. अर्ध्या तासात बटाटा लोण्यासारखा होतो आणि साल जळत नाही, कारण आच चहूबाजूंनी येते आणि पाल्याची वाफ आतच कोंडते.

तुमच्या शेगडीला झाकण नाही म्हणजे खालून भडका आणि वरून गच्चीचा गार वारा. तिथे कच्चा बटाटा शिजणं कठीण. निखारे शेगडीच्या दोन टोकांना सारा, मधली जागा मोकळी ठेवा, बटाटे त्या मोकळ्या जागेवर मांडा आणि वरून मोठं जाड पातेलं उपडं घाला. कोळशावर पांढरी राख धरल्याशिवाय काही ठेवू नका. तळहात जाळीच्या वर वीतभर धरा: दोन-तीन सेकंदांत ओढून घ्यावा लागला तर आच जास्त आहे, पाच-सहा सेकंद धरवला तर बरोबर.

उकडलेल्या बटाट्याला अशा आचेवर वीस मिनिटं पुरतात. शेवटची दोन-तीन मिनिटं पातेलं काढून निखाऱ्यावर फिरवा, सालीला डाग आणि धुराचा वास तेव्हाच लागतो. चिमट्याने पकडू नका, खालून उलथनं घाला.

फॉइल काढून टाका. फॉइलमध्ये बटाटा भाजत नाही, वाफवला जातो. शिवाय तुमच्या सारणात लिंबू आणि मीठ आहे, आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला खातो. गुंडाळायचंच असेल तर केळीचं पान ओलं करून गुंडाळा.

धागाकर्ती:

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! कच्चा भरायचा हा हट्ट सोडला. आदल्या दिवशी उकडायचे, टोपी लावायची आणि पातेलं उपडं घालायचं, हे पक्कं. दोन शंका राहिल्या. एकदा घरी रंगीत तालीम करावी म्हणते. आमच्या बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या आहेत, शेजारी धूर जाऊ नये म्हणून त्या बंद ठेवून लहान शेगडी पेटवली तर चालेल का? आणि उरलेले बटाटे दुसऱ्या दिवशी देता येतील का?

घोडबंदर रोड:

बंद बाल्कनीत कोळसा पेटवू नका, कृपा करून. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. एखादी खिडकी उघडी ठेवली तरी भरवसा नाही. धूर दिसेनासा झाला, नुसते लाल निखारे उरले, तरी तो निघतच असतो. घरी तालीम ओव्हनमध्ये करा, २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. बटाटा टिकतो की तडकतो ते तिथे कळेलच.

उरलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि फॉइलमध्ये गुंडाळून बाहेर तर कधीच नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका उपाहारगृहात असेच फॉइलमध्ये भाजून बाहेर ठेवलेले बटाटे डिपमध्ये वापरले गेले आणि ३० जणांना बोट्युलिझम झाला, म्हणजे एका जंतूच्या विषाने होणारी गंभीर विषबाधा. त्या जंतूचे बीजाणू मातीतून बटाट्यावर येतात आणि भाजून मरत नाहीत. फॉइलमुळे हवा लागत नाही, आत ओल आणि ऊब असते, तिथे ते रुजतात आणि वाढणारे जंतू विष तयार करतात. आजी-आजोबांच्या ताटात जाणारी गोष्ट आहे, म्हणून इतकं लिहिलं.

खाडीपलीकडचा:

चाळीस बटाटे एकदम लावू नका. पातेल्याखाली बसतील तेवढ्यांचाच एक घाणा. तयार झालेले जाड तळाच्या हॉटकेसमध्ये, खाली केळीचं पान. पहिला घाणा चिकनच्या आधी लावा, म्हणजे शाकाहारी मंडळी पहिल्या पंगतीला बसतील.

तुर्भेकर:

आणि शेगडी वेगळीच घ्या, ताई. जाळी, चिमटा, तेलाचा ब्रश, सगळं वेगळं. एकाच जाळीवर चिकनशेजारी ठेवलेला बटाटा बरीच ज्येष्ठ मंडळी मुकाट्याने बाजूला सारतात, बोलत नाहीत. मंडप-कॅटरिंगवाल्यांकडे दिवसाच्या भाड्याने शेगडी मिळते. डिसेंबरअखेर मागणी फार असते, म्हणून आठवडाभर आधी सांगून ठेवा.