हापूसला कोटिंग कुठलं करावं? (बजेट ३ हजार)

आमराई_राजापूर: मंडळी, यंदा दीडशे पेट्या थेट पुण्याला गिऱ्हाइकांकडे जाणारेत. गेल्या साली आंबा पिकता पिकता देठाकडून काळा पडला, दहा पेट्यांचे पैसे परत केले. बुरशी थांबवणारं कोटिंग कुणी वापरलंय का?

संत्रेवाला_वरूड: आम्ही संत्री लाईनवर धुऊन, वॅक्स मारून, वाळवून पाठवतो, चकाकी बघतच राहाल. कोल्ड स्टोरेज बांधा भाऊ, बँक कर्ज देते.

आमराई_राजापूर: ३ हजार म्हटलंय भाऊ.

प्रयोगशाळेतली: कायटोसान बघ. अगदी पातळ द्रावणात आंबा बुडवून वाळवायचा, बुरशीलाही आवर बसतो आणि फळ सुकतही नाही. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून करतात.

सदाशिवपेठी: म्हणजे आंब्याला कोळंबी?? आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पहिला आंबा देवापुढे जातो हो!

प्रयोगशाळेतली: बुरशीपासून केलेलंही मिळतं काका.

सदाशिवपेठी: बुरशी घालवायला बुरशी. छान.

देवगडी: आमच्या आंब्याला असलं काही लागत नाही.

रत्नांग्री: झालं यांचं सुरू. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१८ मध्ये सगळ्यांना मिळालाय, एकट्या देवगडला नाही.

दापोलीचा_बागायतदार: अरे वरून काय फासताय, करपा म्हणजे हा बुरशीचा रोग बागेतच फळात शिरतो आणि सालीत दडून बसतो, आंबा पिकायला लागला की मग वर येतो. काढल्या दिवशीच ५२ अंशाच्या पाण्यात १० मिनिटं बुडव, मग सावलीत सुकव. पण थर्मामीटर घे बाबा, मी हाताने अंदाज घेतला आणि चाळीस डझन उकडले, महिनाभर घरात पन्हं. आणि झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, काढताना पेरभर देठ ठेव, चीक सालीवर सांडला की तिथेच डाग.

काकू_चिपळूण: मी कोरफडीचा गर लावला होता, जरा जाडच बसला. आंबा गुदमरला बहुतेक, आतून दारूसारखा वास. जावई काही बोलले नाहीत पण दुसरी फोड घेतली नाही.

संत्रेवाला_वरूड: म्हणून म्हणतो, वॅक्स.

देवगडी: थर्मामीटरचं मीही तेच सांगणार होतो.

आमराई_राजापूर: सगळ्यांचे आभार. देठाचं पटलं, यंदा पेरभर ठेवूनच काढतो. गरम पाण्याचंही पटलं, पण एवढं पाणी तापवायला हंडा कुठून आणू. बाबांनी काल परड्यातली कोरफड कापून पण ठेवलीय आणि ते कुणाचं ऐकत नाहीत. काकू, गर गाळून घेतला होतात का?